एकाच गाठीचे दोन तुकडे

माने सरांना कुणी आनंदानं काही दाखवायला गेलं, की ते चष्मा कपाळावर ढकलत आणि विचारत, "कुठला तुकडा?"

मी पुण्याहून बेंगळुरूला नुकतीच आले होते. स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीत कोणती जनुकं किती जोरात काम करताहेत, हे मोजणाऱ्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती. पहिलावहिला आलेख घेऊन मी मोठ्या ऐटीत त्यांच्या टेबलापाशी गेले, तेव्हा मलाही हाच प्रश्न आला.

"बायॉप्सीचा, सर."

"ते कळलं, अम्मा. गाठीच्या मधला का कडेचा? आणि काढल्याबरोबर द्रावणात टाकला, का कुणी चहा पिऊन आल्यावर? बाहेर पडून राहिलेली गाठ घाबरलेल्या माणसासारखी असते. भलतंच बोलते."

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते हसले. "सांबाराच्या पातेल्यात पळी वरवर फिरवली, नुसतं पाणी आलं. डाळ घातलीच नाही म्हणून आचाऱ्याशी भांडशील?"

त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मराठी घरातली, पण तिच्यात कन्नड अशी मिसळलेली की कुठली कुठं संपते ते कळू नये. आकडेमोडीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि त्यांच्याइतकं त्रासदायकही कुणी नव्हतं. एकदा एकाच गाठीच्या दोन तुकड्यांची मापं अगदी वेगळी आली. आमचे प्रमुख म्हणाले, "यातलं एक चुकलंय. काढून टाका." माने सर शांतपणे म्हणाले, "आणि दोन्ही खरी असली तर?" पुढे सगळं काम नव्याने करावं लागलं. आम्ही जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या नावानं बोटं मोडली.

मग त्यांच्या बायकोला, शारदक्कांना, गाठ निघाली.

शस्त्रक्रियेआधी सुईनं काढलेल्या तुकड्याची जनुक-तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत झाली. रोग परत येण्याचा धोका कमी, केमोथेरपी टाळता येईल, असा अहवाल आला. डॉक्टर खूश, मुलगी खूश. सरांनी मात्र शस्त्रक्रियेत निघालेल्या गाठीचा दुसरा तुकडा तपासायला पाठवला. त्याचा आकडा ठरलेल्या रेषेच्या पलीकडे गेला. धोका जास्त.

दोन्ही कागद घेऊन ते माझ्याकडे आले. चष्मा कपाळावर होता आणि ते खिशात चष्मा शोधत होते.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, काखेतल्या ग्रंथी स्वच्छ आहेत, वय असं आहे, दोन्ही पर्याय चालतील, तुम्ही ठरवा. तू सांग, तू काय करशील?"

"तिसरा तुकडा पाठवू या का, सर?"

"आणि मग काय, मतं मोजायची? हात वर करा म्हणायचं तुकड्यांना?" ते खुर्चीत बसले. "आजवर लोकांना शंका विकली मी. ती घरी नेऊन काय करायची, ते कुणाला कधी सांगितलंच नाही."

आमचं सगळं काम हजारो बायकांच्या सरासरीचं. शारदक्का तर एकच होत्या.

पुढच्या रविवारी शारदक्कांनी मला जे. पी. नगरच्या घरी बोलावलं. सर भाजी आणायला गेले होते. शारदक्कांनीच त्यांना पाठवलं असावं. मला कॉफी देऊन त्या समोर बसल्या.

"ह्यांना विचारलं की तुकडे सांगतात. एक असं बोलतो, एक तसं. मग मी कुठली गं? असली का तसली?"

"दोन्ही असाल, अक्का. गाठ सगळीकडे सारखी नसते." बोलता बोलताच मला कळलं, हे उत्तर नव्हतं. मी त्यांच्या हातात आणखी एक कागद ठेवल्यासारखं झालं होतं.

त्या म्हणाल्या, "मी औषध घेते. जास्तीचं झालं तर मी सोसते, संपतं. कमी पडलं तर हा माणूस मरेपर्यंत मोजत बसेल."

"पण गरज नसेल तर? उगाच त्रास..."

"गरज कुणाची, ते तुमच्या मशीनला कळतं काय?"

त्या बरोबर करत होत्या की नवऱ्यापायी स्वतःवर अन्याय, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही. आजही येत नाही.

औषधानं त्यांना पार पिळून काढलं. केस गेले, चव गेली. माने सर रोज उशिरा येत, लवकर जात, आणि कुणी आलेख दाखवला तर नुसते बघत राहत. पण शारदक्का त्यातून उठल्या. तपासण्या स्वच्छ येत राहिल्या. सर निवृत्त झाले आणि मुलीच्या जवळ म्हणून दोघं शहराबाहेर होसकोटेला राहायला गेले.

मी एचएसआर लेआउटमधल्या माझ्या घरून त्यांना भेटायला गेले. जेवण झाल्यावर सरांनी हळूच विचारलं, "औषधानं बरी झाली, का तशीही राहिली असती?"

"सांगता येत नाही, सर."

"नाहीच येत. एका माणसाला दोन आयुष्यं देऊन बघता येत नाही." हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं की हरल्याची खूण, मला ओळखता आलं नाही.

निघताना दोघं मला बसपर्यंत सोडायला उठले. शारदक्का पायरीवर बसल्या आणि त्यांनी पाय पुढे केला. औषधापासून त्यांची पावलं आणि बोटं बधिर झालीत, चपलेचा पट्टा त्यांना लावता येत नाही. सर खाली वाकले, पट्टा ओढला, आत बोट घालून पाहिलं.

"घट्ट झाला काय?"

"मला काय कळतंय? तुमीच बघा."

त्यांनी पट्टा एक भोक सैल केला, पुन्हा बोट घालून पाहिलं, आणि शारदक्कांचा हात धरून त्यांना उभं केलं.

"सरी, झालं बरोबर," ते म्हणाले. "चला."