हस्ते जानराव सुरडकर

मी स्वभावानं संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघते आणि चौथ्यांदा बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येते. माझी आई म्हणायची, "पूनम, तुले देवानं हातात प्रसाद देल्ला तरी तू आधी वास घेऊन पाह्यशीन." मोताळ्याच्या आमच्या कॉलेजात ग्रंथपाल होऊन मला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझ्यापेक्षा संशयी माणूस एकच भेटला. आमच्या ग्रंथालयाचे परिचर, जानराव सुरडकर.

जानराव धामणगाव बढेहून यायचे. आधी सायकलनं, गुडघे गेल्यावर एसटीनं. सहा फुटांचा उभा माणूस, हात असे लांब की वरच्या फळीवरचं पुस्तक शिडीशिवाय काढायचे. शिक्षण दहावी नापास. पण कोणी पुस्तक परत आणलं की ते आधी पानं मोजायचे, मग कव्हर बघायचे, मग आणणाऱ्याचं तोंड. एकदा खुद्द प्राचार्यांनी परत केलेल्या पुस्तकाची पानं त्यांनी प्राचार्यांसमोर मोजली. प्राचार्य हसले, पण मोजून होईपर्यंत उभे राहिले.

टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. फळी असो, वायर असो, जानराव कोपरापासून मधल्या बोटापर्यंत हात टेकवत मोजत जायचे. "टेप ताणली का वाढते म्याडम. हात वाढत नाई." एकदा ग्रंथालयाच्या खिडक्यांच्या ओळीला एकच लांब पडदा करायचा होता. जानरावांनी साडेनऊ हात सांगितला, शिंप्यानं साडेनऊ हात शिवला आणि पडदा वीतभर आखूड आला. मी चिडले. ते शांतपणे म्हणाले, "म्या माह्या हातानं सांगतलं व्हतं. त्यानं त्याच्या हातानं शिवला. चूक कोनाची?" तो आखूड पडदा अजून तिथेच आहे आणि दुपारचं ऊन नेमकं माझ्या टेबलावर येतं.

आता मूळ गोष्ट. आमच्या कॉलेजाचं एक ऑनलाइन शोधनिबंध भांडार आहे. प्राध्यापकांनी लिहिलेले निबंध, विद्यार्थ्यांचे प्रकल्प, सगळं एका संकेतस्थळावर ठेवायचं, म्हणजे जगाच्या पाठीवर कोणालाही वाचता येईल, अशी कल्पना. जग काही आलं नाही. पण दर एप्रिलला समिती बसते आणि पुढच्या वर्षी भांडारात काय सुधारणा करायच्या याची योजना ठरते. एका वर्षी फोनवर नीट उघडावं म्हणून खटपट झाली, दुसऱ्या वर्षी मराठीत शोधता यावं म्हणून. चहा होतो, इतिवृत्त होतं, सह्या होतात.

निबंध यायचे कसे, ते सांगायला हवं. कोणी प्राध्यापक स्वतः ग्रंथालयाची पायरी चढायचा नाही. वऱ्हांड्यात जानराव दिसले की त्यांच्या हातात पेनड्राइव्ह द्यायचा, "घ्या, चढवून टाका म्हणा मॅडमला." एकदा एका सरांचा पेनड्राइव्ह हरवला आणि त्यांनी जानरावांवर ढकललं. तो सरांच्याच घरी सापडला. पण दुधानं तोंड पोळलेले जानराव त्या दिवसापासून ताकही फुंकून पिऊ लागले. आवक वहीत त्यांनी स्वतः पट्टीनं एक नवा रकाना आखला. निबंधाचं नाव, लेखक आणि शेवटी 'हस्ते'. वर्गणीच्या पावतीवर असतो तसा. त्या रकान्यात ओळीनं एकच नाव: जानराव सुरडकर, जानराव सुरडकर.

यंदाच्या एप्रिलच्या बैठकीत संगणकाचे सहदेव सर एक कागद घेऊन आले. ते समितीचे सचिव. "पुढच्या वर्षाची योजना करायच्या आधी आपल्या भांडारात कोनाचे किती निबंध हायत ते काढलं," ते म्हणाले. "पह्यल्या नंबरवर पाहा."

पहिल्या नंबरवर होते सुरडकर, जानराव. निबंध दोनशे बारा.

कोणी हसलं नाही. प्राचार्यांनी चष्मा पुसला. अर्थशास्त्रापासून कीटकशास्त्रापर्यंत दोनशे बारा निबंध, लेखक आमचा परिचर. सहदेव सरांनी माझ्याकडे पाहिलं. "पासवर्ड कोनापाशी असते, म्याडम?"

पासवर्ड माझ्याकडे असायला हवा होता. पण मीच कंटाळून जानरावांना त्यांचं वेगळं लॉगिन काढून दिलं होतं. ते मी तिथे सांगितलं नाही. "बघते," एवढंच म्हणाले. ठरलं असं, की यंदाची पहिली सुधारणा म्हणजे जानरावांचं नाव भांडारातून झाडून काढायचं आणि हे कोणी केलं ते पुढच्या बैठकीआधी शोधायचं. जानराव मेअखेर निवृत्त होणार होते. तेवढ्यात डाग नको, असं प्राचार्य म्हणाले. डाग कुणाला नको, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी जानरावांवर पाळत ठेवली. दुपारी एक वाजता डबा खाऊन झाला की ते संगणकासमोर बसायचे. कोशांच्या कपाटाआडून मी पाहिलं. ते काही टाइप करत नव्हते. पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवून नुसते बसले होते. मी पुढे गेले तसं पान बंद.

"काय पाहत होते, जानराव?"

"काई नाई म्याडम. आसंच."

'आसंच' हा शब्द ऐकला की माझ्या मनात पाल चुकचुकतेच. त्यांचं लॉगिन तपासलं. महिनोन्महिने, रोज एक वाजता, एकच पान. मला वाटलं, सापडला चोर.

चोर सापडलाच, पण वेगळा. पुरावा म्हणून मी जुनी आवक वही काढली आणि तिच्यावरून भांडारात भरलेला तक्ता शेजारी ठेवला. २०१९च्या उन्हाळ्यात मीच एका दमात दोनशे अकरा निबंध चढवले होते. वहीतून तक्ता करताना मी लेखकाच्या जागी शेवटचा रकाना उचलला होता. 'हस्ते'चा. जानरावांनी स्वतःच्या बचावासाठी आखलेला रकाना मी त्यांच्याच गळ्यात बांधला होता. आणि सात वर्षांत एकाही प्राध्यापकानं आपला निबंध उघडून पाहिला नव्हता. "चढला का?" एवढं विचारलं की त्यांचं संशोधन पुरं.

मला स्वतःची लाज वाटली. पण खोटं कशाला बोलू, लाजेच्या आधी सुटल्यासारखं वाटलं, कारण पासवर्डाचा प्रश्न मिटला होता. मग मी पुन्हा मोजलं. वहीत दोनशे अकरा. भांडारात दोनशे बारा.

तो एक निबंध वहीत नव्हता. नळगंगेच्या खोऱ्यातल्या चौतीस विहिरींची सहा वर्षांची पाणीपातळी. लेखक: वामनराव सर आणि जानराव सुरडकर. वामनराव सर आमचे भूगोलाचे प्राध्यापक, तीन वर्षांपूर्वी वारले. निबंध चढवला होता जानरावांच्या लॉगिनवरून, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी. रोज उघडलं जाणारं पान तेच.

मी जानरावांना समोर बसवलं. दोनशे अकराची चूक माझी, हे आधी कबूल केलं. मग दोनशे बाराव्याचं विचारलं.

"तो माहा हाय," ते म्हणाले.

"तुमचा म्हणजे?"

"इहिरी म्या मोजल्या. साह्यकलनं येता-जाता. दोराले गोटा बांधून सोडाचा, वला झालेला दोर हातानं मोजाचा. बाजाराच्या दिवशी मोजाच्या, त्या दिवशी मानसं बाजारात असतेत, मोटरी बंद असतेत, पानी थिर राह्यते. सहा वर्सं. आकडे मी आनून द्याचो, लिव्हाचे सर. सर म्हनाले, जानराव, तुमचं नाव माह्या जोडीनं येइन. छापनाऱ्यायनं पद इचारलं, अन् परिचर आयकून नाव कापलं. सर लय तापले. मंग एक दिवस डबा खाऊन इथं बसले, सांगत गेले अन् म्या चढवलं. सरायले कुठी येत व्हतं कम्प्युटर?"

"पुरावा?"

"सर व्हते."

तो निबंध ज्यात छापून आला होता ते पुस्तक मी काढलं. नाव एकच, वामनरावांचं. खरं सांगते, माझा विश्वास बसला नाही. मेलेल्या माणसाची साक्ष कोणीही काढू शकतो. दहावी नापास माणसाचं नाव प्राध्यापकाच्या शेजारी, हेच मला मुळी पटत नव्हतं. हा विचार मी केला, म्हणून इथे लिहिते आहे.

जाताना ते दारात थांबले. "म्याडम, ते दोनशे अकरा काहाडा. मले त्याचं काई नाई. तेवढा एक ठेवा. घरी म्या कोनाले सांगतलं नाई. कलाबाईलेबी नाई. म्हनलं निवृत्त झालो का एक डाव तिले इथं आनीन अन् दाखवीन." कलाबाई म्हणजे त्यांची बायको. संगणकासमोरची जागाही त्यांनी ठरवून ठेवली होती, तिला कुठे बसवायचं ती.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा समिती बसली. जानराव दाराशी उभे. दोनशे अकरा निबंधांची चूक मी सांगितली, सगळे हसले, प्राचार्यांनी मोठ्या मनानं मला माफ केलं. मग उरलेला एक निघाला. सहदेव सरांनी निबंध आणि छापील पुस्तक दोन्ही समोर ठेवलं होतं.

"जानराव, गैर मानू नका," सहदेव सर म्हणाले, "पन छापलेल्यात तुमचं नाव नाई. लॉगिन तुमचं हाय. अन् हे पाहा, इथं तर ढळढळीत चूक हाय. तळटीप. 'एक हात म्हणजे साडेअठ्ठेचाळीस सेंटिमीटर धरला आहे.' हात साडेपंचेचाळीस-सेहेचाळीसचा राह्यते. वामनराव सर आशी चूक करतीन? कोनीतरी फाईलीत हात घालून फिरवलं हे."

"छापील पुस्तकात काय आहे?" मी विचारलं.

त्यांनी पान उलटलं. "तिथंबी साडेअठ्ठेचाळीसच."

मी माझ्या टेबलावर पडणाऱ्या उन्हाकडे पाहिलं. वीतभर आखूड पडद्याकडे पाहिलं. आणि मला वामनराव सर आठवले. बुटके, खुर्चीत उशी घेऊन बसणारे, अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी नकाशा पुन्हा काढायला लावणारे. असा माणूस पुस्तकातलं माप डोळे झाकून घेणार नाही. तो मोजणाऱ्याचा हात मोजून घेईल.

उठले, खणातली शिवणाची टेप काढली. "जानराव, इकडे या. बाही वर करा."

त्यांना कळलं. पण हात पुढे करायच्या आधी त्यांनी टेपचं टोक बघितलं, शून्य फाटलेलं तर नाही ना. मग टेबलावर कोपर टेकवलं आणि बोटं ताठ केली. मी टेप धरली नाही. मी मोजलं तर उद्या कोणी माझ्यावर संशय घेईल. "सर, तुम्हीच मोजा."

सहदेव सर वाकले. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"साडेअठ्ठेचाळीस," ते म्हणाले आणि टेप माझ्याकडे सरकवली.

मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. गेले पाच आठवडे या माणसावर मी कपाटाआडून पाळत ठेवली होती. प्राचार्य म्हणाले, "नाव राहू द्या. ठराव लिहा." मी लिहायला घेतलं: श्री. जानराव सुरडकर यांचे नाव लेखक म्हणून कायम ठेवण्यात यावे.

जानरावांनी बाही खाली केली. आनंद झाला असेल, पण तो मोजून घेतल्याशिवाय मानणारा माणूस नव्हे. ते माझ्या खांद्यावरून इतिवृत्तात वाकून बघत होते.

"म्याडम, हे पुरत नाई."

"आता काय राहिलं, जानराव?"

"पुढच्या सालीबी सुधारना करसान ना? समितीत नवे लोक येतीन. पुन्हा इचारतीन, हा कोन. तवा मी मोताळ्यात नसीन. पाच-धा वर्सानं तर कुठंच नसीन." त्यांनी तोच हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "मंग कोनाचा हात मोजसान?"

मी ठराव खोडला आणि पुन्हा लिहिला. भांडारात त्या निबंधाखाली आता ती ओळ आहे. शोधली तर कोणालाही सापडेल. विहिरींची मोजणी श्री. जानराव सुरडकर यांची. त्यांचा एक हात म्हणजे साडेअठ्ठेचाळीस सेंटिमीटर, समितीसमक्ष दोनदा मोजून पाहिला.

जूनच्या पहिल्या सोमवारी ते कलाबाईंना घेऊन आले. मी संगणक उघडून खुर्ची दिली आणि बाजूला झाले. जानरावांनी आधी आकडा बरोबर आहे का ते पाहिलं, मग बायकोला बसवलं.