पलीकडचा धूर

आमचं बेट म्हणजे कृष्णेच्या पात्रात मधेच राहून गेलेला जमिनीचा तुकडा. वरच्या टोकाला चिंचा, मधे घरं, खाली ऊस. घरं इतकी थोडी, की एकीनं भाकरी थापायला घेतली की सगळ्या बेटाला कळायचं. मी कवठे महांकाळच्या बाजूची. माहेरी ओढ्यात झरा उकरून वाटीवाटीनं घागर भरायची. त्यामुळे इथलं स्थळ आलं तेव्हा माझ्या वडिलांनी घर पाहिलं नाही की मुलगा पाहिला नाही. "चारी अंगांनी पानी हाय, आनि काय बघायचं?" म्हणाले.

लढाई सुरू झाली आणि मालक पलटणीत गेले. घरात मी आणि मामंजी, माझे सासरे, दोघंच राहिलो. जाताना मालक माझ्याशी फार बोलले नाहीत. दारात पायताण घालता घालता म्हणाले, "म्या येस्तवर आबाला एकटं सोडू नगंस." मी बरं म्हटलं. एवढंच एक काम मला सांगून गेले होते, आणि ते अवघड असेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

मामंजींचं आणि तालुक्याच्या लोकल बोर्डाचं पहिल्यापासून वाकडं. बोर्डाच्या कुणी माणसानं बेटावर पाय ठेवलेला मला आठवत नाही, पण बेटाबद्दल ठराव मात्र होत असायचे. मी नांदायला आले त्या साली त्यांनी ठेकेदार धाडून बेटावर कोंडवाडा बांधला. मोकाट जनावरं कोंडायला. बेटावरचं जनावर मोकाट सुटून जाणार कुठं? पलीकडच्या गावची म्हैस पोहून यावी आणि आपली आपण कोंडून घ्यावी, अशी त्यांची कल्पना असावी. मामंजींनी त्यात कडबा रचला. "सरकारनं आमास्नी वळचन बांधून दिली," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. तेव्हा आम्ही हसलो होतो.

मग स्मशानाचा ठराव आला. खालच्या अंगाला शहर होतं, तिथं नदीचं पाणी नळानं प्यायला घेऊ लागले होते. म्हणून बोर्डानं ठरवलं की बेटावर प्रेत जाळायचं नाही. पलीकडच्या गावाबाहेर पत्र्याची शेड घातली आहे, तिथं आणायचं. ती शेडही नदीकाठालाच होती. मामंजी म्हणाले, "तितल्या राखंला नदीची वाट ठावं न्हाई व्हय?" पण हे ते आमच्या अंगणात म्हणाले. बोर्डात त्यांचं ऐकतो कोण?

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वरच्या टोकाला, चिंचांच्या पलीकडे जाळत. सासूबाई तिथंच गेल्या होत्या. पण अडचण नुसती जागेची नव्हती. नाव मढं घेत नाही. हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, बोर्डाला नव्हतं. आमचा नावाडी शांत माणूस, कधी कुणाला नाही म्हटलेला नव्हता, पण याला तो नाही म्हणाला. "नावंत नवरी बसती, बाळंतीन बसती, द्येव बसतो. मढं न्हाई बसत. बसवलं तर नाव ऱ्हात न्हाई." उन्हाळ्यात नदी गुडघ्याला येते, तेव्हा खांद्यावरून नेता यायचं. पावसाळ्याचं काय?

हेच विचारायला मामंजी तालुक्याला गेले. कोपऱ्यात बराच वेळ उभं केल्यावर अध्यक्षांनी त्यांना बोलू दिलं आणि विचारलं, "पावसाळ्यात मरतात तरी किती माणसं तुमची?" सगळे हसले म्हणे. मामंजींनी हे मला जेवताना सांगितलं. कालवणात भाकरी कुस्करत सांगितलं.

त्याच पावसाळ्यात शेजारच्या आत्याबाईंचे मालक गेले. नदी दुथडी भरलेली. आत्याबाईंच्या लेकानं बापाला वरच्या टोकालाच अग्नी दिला. दुसरं काय करणार होता? बोर्डानं त्याला तालुक्याला इतके हेलपाटे घालायला लावले, की उभं भुईमुगाचं रान डुकरांनी नांगरलं. तो परत आला की ओट्यावर बसून राहायचा. बेटावरचे म्हातारे ते बघत होते.

पुढच्या आषाढात मामंजींनी घोंगडं, तांब्या आणि तंबाखूची चंची एका धडप्यात बांधली. मी विचारलं, "कुठं निघालासा?"

"पलीकडं. मढं नावंत चढत न्हाई, जितं चढतंय. मग जित्यानंच जावं."

पलीकडच्या गावात देवळाला ओवरी होती, तिथं राहणार होते. बरोबर आत्याबाई आणि खालच्या मळ्यातले तात्या. तिघंही साठीच्या पुढचे. पावसाळा पलीकडे काढायचा, म्हणजे मरण आलंच तर शेडपाशी येईल आणि मागं कुणाला त्रास नको. मला वाईट वाटलं का? आठवून बघते, पण नीट सापडत नाही. मी भाकरी बांधून दिली, कोरड्यास दिलं, काठापर्यंत गेले. मालकांचा शब्द डोक्यात होता. मी म्हटलं, "मामंजी, तुमच्या लेकानं काय सांगितलं हुतं मला?" ते म्हणाले, "त्येनं सांगितलं तवा ह्यो ठराव न्हवता."

रोज नावेतून भाकरी जायची आणि रिकामं फडकं परत यायचं. फडक्याला गाठ मारलेली असली की समजायचं, बरं आहे. कार्तिकात पाणी उतरलं आणि तिघं परत आले. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. मेलं कुणीच नाही. माणूस कशालाही सरावतं. आषाढ लागला की म्हातारे पलीकडे जाणार, हे आम्ही पेरणीसारखं धरून चाललो. सुना आपसांत बोलायच्या, "तुमचं कवा जानार?" माहेरपणाला जायचं असावं तसं.

मग तिसऱ्या वर्षी बोर्डाच्या ध्यानात आलं की पावसाळ्यात नावेला माणसं फार कमी असतात. असणारच की. बेटावर माणसं किती, त्यातले म्हातारे पलीकडे, पोरगे पलटणीत. तेव्हा ठरलं, की आषाढापासून चार महिने नाव बंद. नावाड्याला, तो बोर्डाचाच नोकर, खालच्या मोठ्या उतारावरच्या नावेवर बदललं. दवंडीवाल्यानं पलीकडच्या काठावर उभं राहून डफ बडवला. वारं उलटं होतं. नावाड्यानंच येऊन आम्हाला अर्थ सांगितला, नाहीतर कळलंही नसतं. संतापायला हवं होतं. पण आधीच्या दोन ठरावांनी सगळ्यांची तोंडं शिवल्यासारखी झाली होती. आत्याबाईंचा लेक नुसता म्हणाला, "बरं." मीही नुसतं बरं म्हणाले.

शेवटच्या नावेला मी मामंजींच्या धडप्याची गाठ धरून ठेवली. "यंदा ऱ्हावा की घरीच. नाव न्हाई, भाकरी कोन पोचवनार?"

"गावातली द्येतील. न्हाई दिली तर लवकर काम हुईल."

"आसं काय बोलतासा?"

"सोड गाठ, पोरी. पानी चढायलंय." मी गाठ सोडली. नावेत ते मधे बसले, एका अंगाला आत्याबाई, दुसऱ्या अंगाला तात्या. तात्या मागं वळून बघत होते. मामंजींनी मागं बघितलं नाही.

श्रावणात पाणी असं वाढलं की ऊस दिसेना. महाबळेश्वराला पाऊस थांबेना, तर आमच्याकडे नदी कशी उतरणार? आमच्याकडं गुळाची काईल होती, उसाचा रस आटवायची भली मोठी कढई. नाव नसली की पोरं तीच पाण्यात सोडून बसायची आणि थाळीनं वल्हवायची. पण काईल थोपलेल्या पाण्यात चालते, धारेत भोवऱ्यागत फिरते. दोघांनी बघितलं करून, चिंचेला अडकले म्हणून वाचले. आमचा नावाडी असता तर त्याही पाण्यात नाव आडवी काढून पलीकडं गेला असता.

एक दिवस दुपारी पावसानं उघडीप दिली आणि पलीकडे शेडवर धूर दिसला. काळा, जाड, ओल्या लाकडांचा. सगळं बेट काठावर आलं. कुणीतरी हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात स्वतःची हाक स्वतःला ऐकू येत नव्हती. पलीकडं माणसं मुंगीएवढी हलत होती. कुणीतरी धोतर की काय ते वर धरून हलवलं. त्याचा अर्थ काय घ्यायचा?

पलीकडच्या गावातलंच कुणी असेल, असं एकजण म्हणाला. पण गावाची माणसं आपल्या जुन्या जागेवरच जाळायची. त्या शेडीत ते पाय ठेवत नसत, ती आमच्यासाठीच होती. म्हणजे तिघांतलं एक. आम्ही तीन घरची माणसं एकमेकांची तोंडं चुकवत उभी होतो. मी मनात म्हणत होते, मामंजी नकोत. म्हणजे काय म्हणत होते, ते मला कळत होतं. बाकीच्या दोघी-तिघी तेच म्हणत असणार.

रात्र पडायच्या आत ठरवायला हवं होतं, कारण सुतक धरायचं तर अंघोळ करून घरात शिरायचं. तात्यांचा थोरला म्हणाला, "आपलंच आसंल आनि न्हाई धरलं तर पाप. दुसऱ्याचं आसलं तर काय बिघडतं? जित्याचं सुतक धरलं तर आयुष्य वाढतं म्हनत्यात."

तेव्हा तिन्ही घरांनी सुतक धरलं. एका मेलेल्या माणसाचं तीन घरांनी. तिन्ही घरांत देवाला दिवा नाही, आमटीला फोडणी नाही, डोक्याला तेल नाही. शेजारणी पिठलं-भाकरी आणून द्यायच्या आणि कुणाच्या नावानं हळहळायचं ते न कळून तशाच बसून राहायच्या. मी रडले नाही. रडण्याआधी माणूस कोण ते कळावं लागतं. मामंजी गेले असं धरून चालायला बघायची, तर डोळ्यांसमोर ते ओवरीत तंबाखू चोळत बसलेले दिसायचे. ते बसलेत असं धरावं, तर धूर दिसायचा. शेवटी मी काहीच धरायचं सोडून दिलं. म्हशीची धार काढायची, शेण काढायचं, झोपायचं.

दहाव्याला पाणी अजून होतंच. वरच्या टोकाला तीन पानं मांडली. आम्ही मागं सरून कावळा कुठल्या पानाला शिवतो ते बघत बसलो. निदान त्याला तरी ठाऊक असेल, असं मला खरंच वाटलं. पण पावसात त्यालाही दिवसदिवस काही मिळालं नसावं. त्यानं तिन्ही पानं खाल्ली. आत्याबाईंच्या लेकानं आईच्या नावानं डोकं भादरलं. तात्यांच्या दोघा मुलांनी बापाच्या नावानं भादरलं. आमच्यात भादरणार कोण? मालक साता समुद्रांपलीकडे.

पुढं कधीतरी पाणी ओसरायला लागलं आणि एका सकाळी नाव दिसली. नावाडी आपल्या मनानं आला होता, बोर्डाला विचारलं नव्हतं. आम्ही काठाला गेलो. नाव वळण घेऊन समोर आली तेव्हा त्यात दोन म्हातारी माणसं आहेत एवढं कळत होतं. पदर आणि पटका. पटका कुणाचा, ते कळायला आणखी थोडं थांबावं लागलं.

आत्याबाई उतरल्या. लेकाचं बोडकं डोकं बघून त्यांच्या सगळं ध्यानात आलं आणि त्या मटकन चिखलातच बसल्या. मग तात्या उतरले. त्यांची दोन्ही पोरं भादरलेल्या डोक्यांनी त्यांच्या पायांवर पडली. त्या पोरांचे चेहरे फुलले होते. माझ्याकडं बघितलं की ते घाईघाईनं खाली घालायचे. दुःखाचं काही चिन्ह नव्हतं ते एकट्या आमच्याच घरात, आणि माणूस आमचंच गेलं होतं.

तात्या माझ्यापुढं येऊन उभे राहिले. "पोरी, पानी म्या पाजलं. अग्नी बी म्याच दिला. कशात कमी केलं न्हाई."

मी वाकून त्यांच्या पाया पडले. पडायलाच हवं होतं. आणि वाकलेली असतानाच मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी झालं. राग आला. त्या दोघांचा आला, नावेतून उतरले म्हणून. बोर्डाची मला आठवणसुद्धा झाली नाही.