सुलक्षणाबाईंची मदत

इंग्लंडमधल्या वॉटफर्डजवळच्या एका छोट्या लायब्ररीत सुलक्षणाबाई बरीच वर्षं अर्धवेळ कामाला होत्या. स्थानिक कौन्सिलने पुस्तकं देण्याघेण्याचं सगळं काम टॅबलेटवर आणलं, तेव्हा सहकाऱ्यांना ते शिकवायची जबाबदारी त्यांच्याकडे आली. बाईंच्या जिभेवर साखर, त्यामुळे बाकीचे लवकर तयार झाले. राहिली मॉरीन.

मॉरीन तिथली सर्वांत जुनी. नवरा गेल्यापासून तिच्याशी दोन शब्द बोलणारी माणसं होती ती काउंटरपलीकडचीच. पण टॅबलेट हातात आला की कुठलं बटण दाबायचं तेच ती विसरे, तिची मान लाल होई. उन्हाळ्यापर्यंत जमलं नाही तर काउंटर सोडावं लागेल, असं मॅनेजरने तिला स्पष्ट सांगितलं होतं.

आता आपल्या बायकांची माया मोठी चमत्कारिक. समोरचीची पोळी जरा वाकडी झाली की तिच्या हातातलं लाटणं काढून घ्यायचं आणि म्हणायचं, हो बाजूला, मी करते. सुलक्षणाबाईंनी तेच केलं. मॉरीन अडखळली की त्या टॅबलेट हळूच आपल्याकडे ओढत, काम उरकत आणि परत देत. मॉरीन थँक यू म्हणे. रांग पुढे सरके.

“अहो, तिला फार स्ट्रेस होतो, म्हणून मीच करून टाकते,” त्यांनी घरी नवऱ्याला सांगितलं.

पद्माकर निवृत्त डॉक्टर. ते म्हणाले, “पेशंटचं औषध तूच पिऊन टाकलंस तर त्याला गुण कसा यायचा?”

सुलक्षणाबाई फणकाऱ्याने स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मे महिन्यात भाचीच्या लग्नाला त्या पुण्याला गेल्या. त्या शनिवारी काउंटरवर मॉरीन एकटीच होती. एका गृहस्थांनी राखून ठेवलेलं पुस्तक काही केल्या पडद्यावर दिसेना. मागे रांग वाढत गेली. मॉरीनने सवयीने शेजारी पाहिलं. खुर्ची रिकामी होती. तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि कोटही न घेता घरी गेली. सोमवारी तिचा राजीनामा आला.

करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. पुण्याहून परतल्यावर सुलक्षणाबाई तो कोट घेऊन मॉरीनच्या घरी गेल्या. चहा झाला.

“मी मॅनेजरशी बोलले आहे. ती तुला परत घेईल,” त्या म्हणाल्या. “या वेळी मी तुला नीट शिकवते.”

“घेईलही. पण मी नाही येणार,” मॉरीन शांतपणे म्हणाली. “तू फार चांगली आहेस, सुलक्षणा. पण मला चुकू द्यायला हवं होतंस. मला रोज वाटायचं, हिला माझ्याकडून काही होईल अशी आशाच नाही. मग हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं.”

सुलक्षणाबाईंना माफी मागायची होती, पण आजवर कुणाला मदत केल्याची माफी त्यांनी कधी मागितली नव्हती.