होकाराची पोच

आमच्या ताईचं लग्न मी जवळजवळ मोडलं होतं, तेही खुर्चीवरून न उठता.

त्या काळात मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या घरी बसून मी ईमेलचा एक प्रोग्राम बनवत होतो. विंडोजवरही चालेल आणि लिनक्सवरही. शिवाय ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड जगात कोणीही उघडावा, सुधारावा. (जगाने अजून तसदी घेतली नव्हती.)

बाबा तहसील कार्यालयातून निवृत्त झालेले. त्यांना एकच प्रश्न पडला.

"चिठ्ठी पोचली हे कसं कळते?"

"पोचतेच, बाबा."

"पोच नाही त चिठ्ठी नाही!"

मग मी सोय केली. चिठ्ठी आली की पाठवणाऱ्याला आपोआप पोच जायची. मजकूर बाबांनीच सांगितला, कचेरीच्या हिंदीत : 'आपका पत्र प्राप्त हुआ। उचित कार्यवाही यथासमय की जाएगी।'

अशात ताईला वारासिवनीचं स्थळ आलं. मुलगा हेमंत, तिथेच कम्प्युटर क्लास चालवायचा. तो आवडला असं ताई बोलली नाही, पण पाहुणे गेल्यावर ती माझ्याशी चक्क गोड बोलली! पुढे आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा सगळे घर बघत होते आणि मी हेमंतच्या कम्प्युटरवर माझा प्रोग्राम टाकत होतो. निघताना त्याचे वडील म्हणाले, "रविवारी कळवतो."

"मेलवरच कळवा ना!" मी म्हणालो. बाबांनी माझ्या पायावर पाय दिला.

रविवारी सकाळीच मी इंटरनेट जोडलं आणि हेमंतला 'वाट पाहत आहोत' अशी चिठ्ठी धाडली. (तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. ते चालू म्हणजे फोन बंद.) ताई तो बंद फोन फडक्याने पुसत होती. चौथ्यांदा.

"आली का रे चिठ्ठी?"

"ढीगभर येऊन राह्यल्या!"

खरंच येत होत्या, पण मला दिसत होत्या त्या सगळ्या पोचाच! माझ्या चिठ्ठीला हेमंतच्या कम्प्युटरने पोच दिली. माझ्या कम्प्युटरला तीही चिठ्ठीच वाटली, म्हणून त्याने पोचेची पोच धाडली. मग तिची पोच, आणि त्या पोचेचीही पोच! माझं विंडोज असो की हेमंतचं लिनक्स, चूक दोन्हीकडे अगदी सारखी चालत होती. खरं सांगतो, मला थोडा अभिमानच वाटला! इंटरनेट बंद करायचं सोडून मी दुपारभर कोड तपासत बसलो.

चार वाजता दारात जीप थांबली. हेमंत आणि त्याचे वडील उतरले. वडील लालबुंद.

"काहून हो, फोन काहून लागत नाही तुमचा? सकाळी मेलवर होकार धाडला, त तुमचं उत्तर काय? उचित कार्यवाही यथासमय की जाएगी! पोरगी द्यायची नाही त सरळ सांगा ना!"

"मजकूर त बरोबर आहे," बाबा पुटपुटले.

ताईचा चेहरा उतरला. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समजावून सांगितलं. कोणालाच काही कळलं नाही. हेमंत तेवढा पोट धरून हसला, मला उठवून माझ्या खुर्चीवर बसला आणि दहा मिनिटांत त्याने कोडमध्ये एक ओळ घातली.

"पोचेले पोच द्यायची नाही, एवढंच सांगायचं होतं त्याले."

मग त्या ढिगातून त्याने आपली चिठ्ठी शोधून काढली. 'आमचा होकार आहे.' ताईने मागे उभं राहून ती वाचली. मी उत्साहाने कीबोर्डकडे हात नेला.

"तू हात लावू नको," ताई म्हणाली. "मी तोंडानंच सांगते. हौ."

हेमंतचे वडील एकदाचे हसले, आणि बाबांनी मला पेढे आणायला बाजारात पिटाळलं.

लग्न थाटात झालं. माझा कोड सुधारणारा जगातला पहिला माणूस म्हणजे आमचे भाऊजी. दुसरा अजून यायचा आहे. ताई-भाऊजी आजही तोच प्रोग्राम वापरतात आणि अगदी खूश आहेत. मीही खूश आहे, पण मला त्यातलं काही विचारू नका. मी केव्हाच दुसऱ्या कोणाचा तरी वापरायला लागलो!