ऑपरेशनआधीचा आवाज

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे आणि आता खोटं कशाला बोलू, बहुतेक वेळा चुका काढायला वाचतो. माझी सगळी नोकरी वजनकाटे तपासण्यात गेली. काटा पाच ग्रॅम इकडे-तिकडे दाखवत असेल तर त्याला कारण असतं. कड झिजलेली असते, नाहीतर ओलावा, नाहीतर दुकानदाराचा अंगठा. कारणाशिवाय चुकलेला काटा मला कधी भेटला नाही. त्यामुळे खाली जे लिहितोय ते लिहायला मला दीड वर्ष लागलं, हे आधीच सांगतो.

आम्ही मूळचे उदगीरकडचे, शेतकरी घर. अण्णा, म्हणजे माझे वडील, नोकरीसाठी हैदराबादला आले आणि नारायणगुड्यात भाड्याने राहिले. आई लवकर गेली. आता मी, माझी बायको रेखा आणि माझी थोरली बहीण अक्का असे तिघं दिलसुखनगरला राहतो. अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. शाळेत शिकवायची, आता रिटायर झाली. तिने लग्न केलं नाही… म्हणजे घरात आम्ही सगळे असंच म्हणतो, "केलं नाही." या वाक्यात किती खोट आहे ते पुढे येईलच.

दोनेक वर्षांपूर्वी माझा आवाज बसायला लागला. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं. रेखा म्हणाली, "तसंही तुम्ही बोलता कुठं? बसला काय नि उठला काय." मीही दुर्लक्ष केलं. मग एका सकाळी चूळ भरली आणि बेसिन लाल झालं.

घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घातला आणि पडदा माझ्याकडे वळवला. डाव्या बाजूला, स्वरयंत्राच्या दोरीला टेकून, पिकल्या जांभळासारखं काहीतरी बसलं होतं. तसलंच जांभळं, तसलंच चकचकीत.

"कॅन्सर नाही," ते म्हणाले. "रक्तवाहिन्यांचा गुंता आहे. हिमँजिओमा. लहान मुलांत दिसतो, मोठ्या माणसाच्या घशात क्वचित."

मी विचारलं, तुकडा काढून तपासणार का?

"नाही. याला नुसता चिमटा लावला तरी रक्त थांबवणं अवघड. एमआरआय करू. काढायचा तर एकदाच आणि पुरता काढायचा." तोंडातूनच दुर्बीण घालून लेझरने काढणार, बाहेरून काप नाही. पण रक्त आवरलं नाही तर गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घालावी लागेल, हेही त्यांनी सांगितलं. आणि आवाज? "बहुतेक सुधारेल. लिहून मात्र देणार नाही."

घरी हे सांगितल्यावर अक्का म्हणाली, "काय बी होत नाही. जन्मभर बोलला नाहीस, त्याचीच गाठ झाली असंल."

ती थट्टेत म्हणाली. मी उठून बाल्कनीत गेलो.

आता ते सांगतो, जे मी तीस-पस्तीस वर्षं सांगितलं नाही.

मी एकवीस वर्षांचा असताना अक्काला बघायला लातूरकडची मंडळी आली होती. मुलाचं नाव गजानन. त्या काळी मुलीला काहीतरी लिहून दाखवायला सांगत. अक्काने एका कागदावर आपलं नाव आणि घराचा पत्ता लिहिला. तिच्या उजव्या हातावर कोपरापासून बोटांपर्यंत स्टोव्हने भाजल्याचा डाग आहे. म्हणून ती जन्मभर लांब बाह्यांचे ब्लाउज घालत आली. पण लिहिताना हात पुढे येणारच. सगळ्यांनी पाहिला.

आमच्याकडे फोन नव्हता. खालच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांचा नंबर आम्ही पीपी म्हणून देत असू. आठवड्याने त्यांच्याकडे फोन आला तेव्हा घरात मी एकटाच होतो. मी खाली गेलो. पलीकडे गजाननचे मामा होते. मुलगी पसंत आहे म्हणाले. अण्णांना सांगा, बसून बोलू, पुढच्या महिन्यात उरकून टाकू.

माझी परीक्षा तीन महिन्यांवर होती. दोनदा नापास झालो होतो. अक्का स्वयंपाक करायची, शाळा करायची आणि संध्याकाळी माझ्याकडून अभ्यास करून घ्यायची. ती गेली तर मी तिसऱ्यांदा नापास होणार, हे मला दिसत होतं. मी वर आलो आणि निरोप दिला नाही. परीक्षा झाली की सांगू, असं मनाशी ठरवलं होतं… खरंच ठरवलं होतं.

एक निरोप दाबून लग्न मोडतं का, असं आजची मुलं विचारतील. आमच्यात मोडायचं. निरोप नाही म्हणजे नकार, आणि मुलीच्या बापाने पुन्हा विचारायचं नाही, हा अण्णांचा कायदा होता. अण्णा गप्प राहिले. अक्काने एकदाच म्हटलं, "हात बघितला असंल." त्यानंतर कुणी बघायला यायचं म्हटलं की ती नको म्हणायची. मी त्या वर्षी पास झालो.

इतकंच असतं तर वयाच्या नावावर खपवलं असतं. पण पंधरा दिवसांनी मामांचा दुसरा फोन आला होता. तोही मीच घेतला. मी त्यांना सांगितलं, आमचं दुसरीकडे ठरत आलंय.

हे मी रेखालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

आता मूळ प्रसंग. असल्या ऑपरेशनआधी रुग्णाचा आवाज रेकॉर्ड करून ठेवतात, म्हणजे नंतर तुलना करता येते. हे काम करणारी श्रावणी नावाची तेलुगू मुलगी होती. फोनबूथएवढी खोली, भिंतींना जाड फोम, मध्ये एक माईक. आधी लांब "आ", मग एक ते वीस आकडे, मग एक मिनिट काहीतरी वाचायचं. तिच्याकडे तेलुगू, हिंदी, इंग्रजी उतारे होते, मराठी नव्हता.

"अंकल, आपकी मराठी में कुछ भी बोलिए. घर से हॉस्पिटल कैसे आए, वही बोलिए."

मी घोगऱ्या आवाजात सांगितलं. दिलसुखनगरहून निघालो, मलकपेट, चादरघाट, कोटी… कोटीपर्यंत आलो तेवढ्यात ती "बस अंकल" म्हणाली. तिच्यासमोर पडद्यावर घड्याळ होतं. वहीत तिने "एक मिनिट" लिहिलं. मी पाहिलं, कारण अशा नोंदी बघायची मला सवय आहे.

ऑपरेशन नीट झालं. नळी घालावी लागली नाही. डॉक्टरांनी रेखाला बाटलीत गाठ दाखवली. ती म्हणाली, "एवढीशी?" आठ दिवस संपूर्ण मौन सांगितलं होतं, कुजबुजसुद्धा नाही. मी पाटीवर लिहायचो. अक्का जुन्या सवयीने माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारायची.

आठव्या दिवशी तपासणीला अक्का माझ्याबरोबर आली, कारण रेखाला ऑफिस होतं. डॉक्टरांनी जखम पाहिली आणि श्रावणीकडे पाठवलं. बोलायची परवानगी अजून नव्हती. ती मला जुना आवाज ऐकवणार होती आणि मग बोलायचं कसं ते शिकवणार होती. तिने स्पीकर लावला.

"आ…" घोगरा. एक ते वीस, घोगरे. दिलसुखनगर, मलकपेट, चादरघाट, कोटी. अक्का हसून म्हणाली, "कंडक्टर झाला असतास."

मग थोडी शांतता. आणि मग एक स्वच्छ आवाज. माझाच, पण त्यात घोगरेपणाचा अंश नव्हता.

"अक्का, ऐक. वकिलांकडे फोन आला होता, गजाननच्या मामांचा. मी घेतला होता. मुलगी पसंत आहे म्हणाले. तू लिहिलेला कागद मुलानं परत दिला नाही, ठेवून घेतला म्हणाले…"

इथे मागे कुकरची एक शिट्टी झाली.

मी उठलो. कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला. बोलता येत नव्हतं, नाहीतर ओरडलो असतो. अक्काने आपल्या उजव्या हाताने माझं मनगट धरलं.

"वाजू दे," ती म्हणाली.

आवाज पुढे बोलत राहिला. परीक्षा. दुसरा फोन. "दुसरीकडे ठरलंय असं मीच सांगितलं, अक्का." मग काहीतरी जड, स्टीलचं, ओट्यावर ठेवल्यासारखा ठक्क आवाज. मग श्रावणीचं "बस अंकल."

श्रावणीला मराठी येत नाही. ती पडद्याकडे बघत होती. "अंकल, ये बीच में कौन बोला?" तिने आलेख दाखवला. माझ्या बसलेल्या आवाजाच्या रेघा फाटक्या जाळीसारख्या होत्या, आणि मधला भाग सरळ, एकसारखा. फाइल ऑपरेशनआधीच्या त्याच दिवसाची होती, पण लांबी चार मिनिटांच्या वर. तिने वही काढली. एक मिनिट, तिच्याच अक्षरात. "और बूथ में सीटी कहाँ से आई?" तिने मला विचारलं, जणू मला ठाऊक असावं.

अक्का तिला म्हणाली, "बेटा, फिर से लगाओ. सिर्फ बीच का."

तिने पुन्हा लावलं. अक्काने डोळे मिटून ऐकलं. मी खाली बघत होतो.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. कागदाचं मी साफ विसरलो होतो. फोनवर मामा तसं बोलले होते हे ऐकल्यावर आठवलं, पण त्या दिवसापर्यंत मला कुणी शपथ घालून विचारलं असतं तरी मी सांगू शकलो नसतो. अक्का मात्र विसरली नव्हती. ऑटोत बसल्यावर ती स्वतःशीच म्हणाली, "पाहुणे गेल्यावर चहाच्या ट्रेमध्ये कागद नव्हता. मी शोधला होता. वाटलं, चुरगाळून टाकला असंल." ऑटो मलकपेटला आली. मग म्हणाली, "हे मशीन बोललं. तू नाही बोललास. आवाज आला की सांग."

आवाज आठवड्यात आला. मी आणखी तीन आठवडे काढले… माणूस बदलत नाही, काय सांगू. अक्का माझ्याशी कामापुरतं बोलत होती, "जेवायला ये," "गोळी घेतली का?" एवढंच.

महिन्याच्या तपासणीला श्रावणीने नवा आवाज रेकॉर्ड केला आणि दोन आलेख एकावर एक ठेवले. माझा आताचा आवाज आणि त्या फाइलमधला मधला भाग. रेघेला रेघ जुळली, आणि तिने खुर्ची मागे सरकवली. तोवर मी समजत होतो की तो माझा तरुणपणीचा आवाज असावा. तो नव्हता. तो आत्ताचा होता, गाठ काढल्यानंतरचा. आणि तो रेकॉर्ड झाला तेव्हा गाठ जागेवर होती.

डॉक्टर हसले, फायलींची सरमिसळ झाली असेल म्हणाले. पण त्या दवाखान्यात दुसरा कोण मराठी माणूस अक्काच्या कागदाबद्दल बोलणार? रेखाचं म्हणणं, तुम्ही गुंगीत बरळला असाल. पण त्या दिवशी मला एकही औषध दिलेलं नव्हतं, आणि गुंगीत माणूस बरळेल, त्याची गाठ कशी विरघळेल?

त्या रविवारी दुपारी रेखा सुलतान बाजारला गेली होती. अक्का स्वयंपाकघरात होती. मी दारात उभा राहिलो.

"अक्का, ऐक," मी म्हणालो.

मी पाठ म्हणत नव्हतो, निदान मला तसं वाटत नव्हतं. शब्द एकामागून एक येत गेले. ऐकलेलंच तोंडात आलं असेल असं कुणी म्हणेल, मीही म्हणतो. "ठेवून घेतला म्हणाले," एवढं बोललो आणि कुकरची शिट्टी झाली. एकच. अक्काने वळून माझ्याकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं. मी थांबलो नाही, दुसऱ्या फोनचंही सांगितलं. माझं संपलं तेव्हा तिने गॅस बंद केला, फडक्याने कुकर उचलला आणि ओट्यावर ठेवला. ठक्क.

कुकर घराघरात असतात, शिट्ट्या होतच असतात. मी हे स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. तरीही महिनाभर आधी, फोमच्या बंद खोलीत, माझ्या स्वयंपाकघरातला तो रविवार माईकने कसा पकडला? फाइल श्रावणीकडे आहे. एक प्रत अक्काच्या फोनमध्ये आहे.

त्यानंतर अक्का जे बोलली ते मात्र फाइलमध्ये नाही. श्रावणीचं "बस अंकल" त्याच्या आधीच येतं. म्हणून ते इथे लिहून ठेवतो.

"तीन महिनेच ना?" तिने माझ्याकडे पाठ करून विचारलं. "मला सांगायचं होतंस, दत्ता. मीच त्यांना म्हटलं असतं, भावाची परीक्षा होऊ द्या. कागद ठेवून घेणारा माणूस तीन महिने थांबला नसता होय?"

मग म्हणाली, "ताटं घे."