दातांनी ऐकणारे साडू

खऱ्या घड्याळांची हौस असलेली माणसे जबलपुरात पुष्कळ सापडतील; पण खोटी घड्याळे आणून त्यांना मार्गाला लावणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. बाजारात ज्याला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात, म्हणजे डायलवर बडे विलायती नाव, पट्टा चकचकीत आणि पोटात चार महिन्यांत दम तोडणारे मशीन, असली घड्याळे ते हौसेने घेतात. मग ढक्कन उघडून आतले मशीन काढून टाकतात आणि त्या जागी स्वतः निवडलेले, चावीचे मशीन बसवतात. अस्सल घड्याळात त्यांना रस नाही. “त्याच्यात आपण काय करायचं? ते तर आधीच चांगलं आहे,” असे त्यांचे म्हणणे. एकही घड्याळ ते विकत नाहीत, आणि कोणी मनगटाकडे कौतुकाने पाहिले की त्याने विचारायच्या आतच सांगून टाकतात, “नकली आहे हो. फक्त आतून माझं आहे.” सारा जन्म वीज खात्यात काढलेल्या या गृहस्थांना बॅटरीवरचे घड्याळ मात्र डोळ्यांसमोर नको असते, हे कोडे आमच्या घरात अजून कोणाला सुटलेले नाही.

मशीन निवडणे हा त्यांच्या लेखी सोयरीक जुळवण्याचाच प्रकार आहे. काटे नव्या मशीनवर बसतात का, चावीची दांडी भोकासमोर येते का, हे सगळे ते पाहतात. पण ही नुसती पत्रिका झाली. एकदा या पत्रिकेतच चूक झाली आणि डायलवरच्या तारखेच्या खिडकीत दोन तारखा अर्ध्या-अर्ध्या दिसू लागल्या. ते घड्याळ त्यांनी महिनाभर मिरवले, आणि तारीख विचारणाऱ्याला दोन्ही सांगून “पाहा, तुम्हाला कोणती सोयीची आहे,” असे म्हणत राहिले. खरी पसंती कानाने व्हायची. जबलपुरातल्याच गोरखपुर बाजारातल्या एका दुकानात ते डोळे मिटून एकेक मशीन कानाला लावत. “हे भांडखोर आहे.” “हे नोकरीवालं, सकाळी घाई अन् दुपारी झोप.” माझ्यासाठी एक निवडले तेव्हा म्हणाले, “तुमच्यासारखंच आहे. चालतं, पण बोलत नाही.” एकदा नर्मदेच्या ग्वारीघाटावर नावेत बसलो असताना त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाचा हात ओढून सरळ कानाशी नेला. तो बिचारा घाबरून म्हणाला, “क्या हुआ बाबूजी, नाड़ी देख रहे हो?” साडू म्हणाले, “नाड़ी तो ठीक है भैया, मशीन जा रही है.” तो गृहस्थ पलीकडच्या काठापर्यंत फुगून बसला होता, पण उतरताना मुकाट्याने घड्याळ काढून दुरुस्तीसाठी त्यांच्या हातात देऊन गेला.

मग कधीतरी त्यांनी मशीन दातात धरायला सुरुवात केली. ही म्हणे वरच्या दर्जाची परीक्षा. “कानाला दुनियाभरचं ऐकू येतं. दाताला फक्त मशीन.” दुकानदार म्हणाला, “अंकल, चेक करना है कि खाना है?” आम्हीही पोट धरून हसलो. ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, घरातली सगळी घड्याळे कपाटात कुलूपबंद केली, कारण त्यांच्या माहेरच्या घड्याळावर दातांचे वळ दिसले होते. पण हे दाताचे प्रकरण सुरू कशामुळे झाले, असे कोणी विचारले नाही. टीव्हीचा आवाज वाढत गेला. ताईंच्या हाका स्वयंपाकघरातून निघून वाटेतच विरू लागल्या. साडूंचे मत असे की हल्ली जबलपुरातली माणसे तोंडातल्या तोंडात बोलतात. मुलीने कानाला मशीन लावून घ्या म्हटले तेव्हा ते दोन दिवस रुसून बसले. दुसऱ्याने निवडलेले मशीन ते कसे लावणार?

त्याच मुलीचे लग्न ठरले. जावयाला सासऱ्याकडून घड्याळ द्यायचे असते, आणि ते आपणच तयार करणार असे साडूंनी जाहीर केले. ताई रडकुंडीला आल्या. “जावयाला नकली घड्याळ? लोकं काय म्हणतील हो?” साडूंनी होणाऱ्या जावयालाच फोन करून सगळे खरे सांगितले, तेव्हा तो भला मुलगा म्हणाला, चालेल बाबा. मग तर जबाबदारी आणखी वाढली. एका दुपारी त्यांनी मला माझ्या घरून, विजय नगरहून बोलावून घेतले, दार लावले, पंखा बंद केला. टेबलावर दोन मशीने होती. त्यांनी एक दातात धरले, काढले. दुसरे धरले, काढले.

“दातांनाही ऐकू येऊन नाही राहिलं आता,” ते म्हणाले. “तुम्ही ऐका न.”

मी ऐकले. दोन्ही टिकटिक करत होती. “दोन्ही सारखीच वाटतात,” मी म्हणालो. एरवी या वाक्यावर त्यांनी मला घराबाहेर काढले असते. आज त्यांनी दोन्ही मशीने पुन्हा माझ्यापुढे सरकवली.

“सारखी नसतात हो. कसं वाजून राहिलं, ते सांगा. तुम्हाला वाटेल तसं सांगा.”

मग मी सांगू लागलो, आणि मोठ्याने सांगू लागलो. घड्याळाची टिकटिक मी त्यांना शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात समजावत होतो. पहिले म्हणजे पाहुणे दारात आल्यावर ताई भेंडी चिरतात तसे. दुसरे म्हणजे कोणी म्हातारा काठी टेकत घाटाच्या पायऱ्या उतरतो आहे. साडू माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होते.

“पायरी चुकवून तर नाही राहिला?”

मी पुन्हा कान लावला. यावेळी बराच वेळ लावला. “नाही. एकही नाही.”

“मग हेच. पोरीचा संसार आहे, घाई नको.” त्यांनी भिंग डोळ्याला लावले. हात मात्र अजून पूर्वीसारखेच स्थिर होते.

लग्नात बँडवाल्यांनी मांडव डोक्यावर घेतला होता. साडूंनी जावयाच्या मनगटावर घड्याळ बांधले. जावयाने, कोणी शिकवले होते कोण जाणे, ते कानाला लावले. त्या गोंगाटात त्याला काय ऐकू येणार होते! पण तो डोळे मिटून क्षणभर थांबला, हसला आणि सासऱ्यांना काहीतरी म्हणाला. साडूंना ते कळले नाही. त्यांनी गर्दीतून मला शोधून काढले आणि ‘आवडलं का?’ असे भुवया उंचावून विचारले. मी इतका लांब होतो की मलाही एक अक्षर ऐकू आले नव्हते. मी दोन्ही हात वर करून, त्यांना नीट दिसेल अशी, जोरजोरात होकारार्थी मान हलवली.