प्रज्ञाताईला संडास धुवायची आवड नव्हती

हे आत्ताच सांगायचं हाय, उद्यावर ठेवता येत न्हाई. सोमवारपासून फर्स्ट इयरच्या पोरी लातुरात उतरतील, बॅगा, बादल्या, बाप सोबत, आणि त्यातल्या काही आमच्या जुन्या होस्टेलात शिरतील. तिथं संडासाच्या बोळात एक फ्रेम लागणार हाय. प्रज्ञाताईचा फोटो आणि खाली सोनेरी अक्षरात ‘सेवेची मूर्ती’. ती फ्रेम परवा बघितली तेव्हापासून माझ्या तोंडाला कडू पाणी सुटून राहिलंय. भरभर टाइप करते, चुका असल्या तर सांभाळून घ्या.

ताई गेली त्याला दीड महिना झाला. मी चाकूरला मावशीकडं होते, भांडी घासून राहिले होते, आणि होस्टेलच्या जुन्या ग्रुपवर काकूंचा मेसेज आला, गुलाबाच्या फोटोवर लिहिलेला. काकू म्हणजे होस्टेलच्या मालकीणबाई. मला वाटलं सकाळचा सुविचार असंल, म्हणून वाचलाच न्हाई. अर्ध्या तासानं उघडला तर... नांदेडला डेंग्यू झाला, चार दिवसांत प्लेटलेट पडत गेल्या आणि संपलं. चोवीस वर्षांची होती. एका कॉलेजात तासिकेवर केमिस्ट्री शिकवायची. मी हात पण धुतले न्हाई, तशीच साबणाच्या हातानं मोरीत बसून राहिले.

ताई नायगावकडची. मी फर्स्ट इयरला आले तेव्हा ती एमएस्सीला होती आणि आमच्या खोलीत खिडकीचा कॉट तिचा. लई खट पोरगी. सकाळी चहा होईपर्यंत कुणाशी बोलायची न्हाई, आणि आपल्या चहात बिस्कीट तुटून पडलं की तो कप सोडून दुसरीचा ओढायची. मला म्हणली, “काय गं शिरूरवाली, शेंगा आणल्या का? मग रहा.” मी शिरूर अनंतपाळची, शेंगा होत्याच पिशवीत. पहिल्याच दिवशी तिनं मला चार गोष्टी सांगितल्या. ओरिजनल टीसी पावती घेतल्याशिवाय कुणाच्या हातात द्यायची न्हाई. प्रॅक्टिकलला उपाशी जायचं न्हाई, चक्कर येऊन ॲसिडात पडशील. अडलं की पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यायचं, तोवर सगळेच मठ्ठ असतात. आणि कुणी नाव सांगितल्यावर पुन्हा आडनाव विचारलं, तर आधी तिचं विचारायचं. ही शेवटची मला तेव्हा बिलकुल कळली न्हाई. मला कुणी आडनाव विचारलं तर मी खुशाल सांगायची, मला काय फरक पडत होता!

कळली ती आठच दिवसांत. आम्ही अठरा पोरी आणि संडास दोन. साफ करणारी मावशी काम सोडून गेली. तीन दिवस कुणी हात लावला न्हाई, आणि काय अवस्था झाली ते मी इथं लिहीत न्हाई, तुम्ही नाश्ता करताना वाचत असाल. चौथ्या दिवशी काकू वर आल्या, नाकाला पदर लावून. अठरा पोरी बोळात उभ्या. काकूंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि सरळ ताईवर थांबवली. बौद्ध घरातली ती एकटीच होती, आणि हे काकूंना माहीत होतं. “प्रज्ञा, तू बघतीस का बाळा? तुला सवय असंल.”

एवढ्या गोड आवाजात! बाळा म्हणून! मी काय केलं? मी माझ्या चपलेकडं बघत राहिले. सतराच्या सतरा पोरी कुठं ना कुठं बघून राहिल्या होत्या, ताईकडं सोडून.

ताई हसली. “काकू, माझे पप्पा लाइनमन हायेत. मला खांबावर चढायची सवय हाय. बोळातला बल्ब बदलून देऊ का?”

मग तिनं माझ्या जर्नलमधला आलेखाचा कागद टरकन फाडला, भिंतीला लावून अठरा नावं लिहिली, पहिलं स्वतःचं. आणि खाली एकोणीस नंबरला लिहिलं, काकू. “खालची मोटर बंद असली की तुम्ही पण वरच येता ना, मग तुमची पण पाळी.” काकू खिदळल्या, चेष्टा समजून. ताई हसली न्हाई. तिनं ओढणी तोंडाला बांधली, बादली घेतली आणि सगळ्यांना दारात उभं केलं. “बघून घ्या, असं घासायचं. उद्या शिकवायला मी येणार न्हाई.”

माझा नंबर पाचवा. मी सांगितलं, ताई, माझी पाळी आलीय, पोट दुखतंय. ती म्हणली, “हाव, मग पुढच्या मंगळवारी,” आणि माझ्या नावापासून पुढं बाण काढला. नाव खोडलं न्हाई. पुढच्या मंगळवारी मी पाचला उठून क्लासला पळाले. मनात हिशोब असा की, ताई हाय ना, तिनंच सुरू केलंय, करंल ती. हो, हे मीच मनात म्हणलं, काकू न्हाई.

दुपारी आले तर ताईनं एका संडासाला बाहेरून कुलूप घातलेलं. दुसऱ्यापुढं पोरींची रांग, आणि सगळ्या मला खाऊ का गिळू बघून राहिलेल्या. चावी माझ्या उशीवर! ऋतुजा नावाची माझी रूममेट ओरडली, “ए महाराणी, उघड गं आधी, माझी बस सुटंल!” मी रडत रडत आत गेले. दोनदा उलटी झाली. ताई दारातच होती. तिनं माझी ओढणी मागून धरली, पाणी ओतून दिलं, पण ब्रश काही हातातून घेतला न्हाई. झाल्यावर मी म्हणलं, ताई, लई घाण वाटली गं. ती म्हणली, “मला पण वाटली होती, त्या दिवशी बोळात. संडासाची न्हाई.” आणि साबण माझ्या हातात देऊन निघून गेली.

दोन वर्षं तो कागद चालला. काकूंचा नंबर आला की मोटर बरोबर सुरू असायची, ते सोडा, पण बाकी अठरा जणी धुवायच्या. मग ताई नांदेडला गेली, मी थर्ड इयरला सीनियर झाले. कागद फाटला. नवा लावायचा होता कुणी? मीच. लावू लावू म्हणत राहिले. मग फर्स्ट इयरला एक नवी पोरगी आली, बारकी, चष्मेवाली, आणि काकू वर येऊन तिला तेच बोलल्या, तस्संच, बाळा म्हणून. मी टॉवेल खांद्यावर टाकून समोरून जाऊन राहिले होते. मी थांबले न्हाई. त्या पोरीनं वर्षभर धुतलं. ताईनं फोनवर विचारलं, “कागद हाय ना गं अजून?” मी म्हणलं, हाव. ताई गेली ती तेच खरं धरून.

परवा काकूंनी हॉलमधी श्रद्धांजली ठेवली. हार, उदबत्ती, डोळ्याला पदर. “आमची प्रज्ञा म्हणजे कष्टाळू लेकरू. संडास सुद्धा एकटी धुवायची, कधी तक्रार न्हाई. तिला आवडच होती त्याची.” आणि कपड्यात गुंडाळलेली ती फ्रेम काढली. जुन्या पोरी माना हलवून राहिल्या होत्या, ऋतुजा सुद्धा! जिला स्वतःच्या नंबराला दर वेळी ताप यायचा ती! मी उठले. म्हणलं, काकू, तिला आवड नव्हती. तिनं मला धुवायला लावलं, हिला लावलं, तुमचं पण नाव लिहिलं होतं.

काकू इतक्या मायेनं बोलल्या की काय सांगू. “अगं, गेलेल्या माणसाबद्दल असं वाईट बोलू नये.”

वाईट! म्हणजे आमचा संडास गुमान धुतला असता तर ती चांगली. आमच्याकडून धुवून घेतला हे सांगितलं तर तिची बदनामी. ते मेलं गोड गोड बोलणं मला गटारापेक्षा घाण वाटतंय, आणि ते मी पण वर्षभर नाक न दाबता हुंगलंय.

म्हणून फर्स्ट इयरच्या पोरींनो आणि पोरांनो, होस्टेल बघायला जाल तेव्हा वायफायचं नंतर विचारा. आधी विचारा, इथं संडास कोण धुतं? उत्तरात एकाच पोरीचं नाव आलं तर त्याच दिवशी कागद लावा, स्वतःचं नाव पहिलं टाकून. सोमवारी मी पण जाणार हाय, कागद घेऊन. फ्रेम काढू देतात का न्हाई माहीत न्हाई, पण कागद मी तिच्या शेजारीच चिकटवणार.

त्याच्या आधी त्या चष्मेवालीला फोन करायचा म्हणून कालपासून नंबर शोधून राहिले. ग्रुपवर ती न्हाईच, कुणी घेतलीच नव्हती. आणि तिचं नाव मला आठवंना... एक वर्ष एका बोळात राहिलो आम्ही. तुमच्या होस्टेलात पण अशी एक होती का? तुम्ही पण टॉवेल घेऊन समोरून गेला होता का? तिचं नाव तरी आठवतं का तुम्हाला?